सव्वीस आट्यांचा चिमटा

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मध्ये फिरतं, त्या भागाला इंग्रजीत फोर्क म्हणतात. म्हणजे काटा. आपल्याकडच्या सायकल मिस्त्रींनी हा शब्द कधी मनावर घेतला नाही. ते म्हणतात चिमटा. मला हाच शब्द जास्त बरोबर वाटतो. काटा टोचतो, चिमटा धरतो, आणि सायकलचा हा भाग जन्मभर दुसरं काहीच करत नाही. चाक धरतो, रस्त्याचा प्रत्येक दणका आधी स्वतः खातो आणि उरलेला वर हँडलपर्यंत पाठवतो. हँडल वळवता तेव्हा खरं तर तुम्ही चिमटाच वळवत असता. चेन तुटली तर सायकल थांबते, ब्रेक गेला तर पाय घासून थांबवता येते. चिमटा तुटला तर मात्र विचार करायला वेळ मिळत नाही, थेट तोंडावर.

तरीही सायकलच्या इतिहासात चिमट्याला फारशी जागा नाही. गिअर, टायर, ब्रेक यांच्या शोधांच्या कहाण्या रंगवून सांगितल्या जातात. चिमट्याच्या वाट्याला येतो तो अपघात. मी त्याच्या मागे लागलो त्यालाही निमित्त अपघाताचंच होतं. आमच्या घरी एक काळी रॅले आहे, नॉटिंगहॅमची, आजोबांनी पन्नासच्या दशकात पुण्यात कुणाकडून तरी जुनी विकत घेतलेली. गेली दोन वर्षं माझी भाची ती कॉलेजला नेते. एका संध्याकाळी पावसाने भरलेला खड्डा तिला डबकं वाटला. तिला खरचटलं, एवढंच. पण पुढचं चाक मागे सरकून जवळजवळ पायडलपर्यंत आलं होतं.

चिमटा वाकलाय की नाही हे ओळखायची एक सोपी पद्धत आहे, तुमच्या सायकलवर आत्ताही करून बघता येईल. सायकलच्या बाजूला उकिडवे बसा. हँडलखालची जी जाड आखूड नळी आहे तिची रेघ डोळ्यांनी खाली वाढवा. पोलादी सायकलच्या चिमट्याचे पाय वरच्या अर्ध्या भागात याच रेघेवर असायला हवेत. त्यांचा बाक सुरू होतो तो खाली, आणि तो पुढच्या बाजूला. आमच्या रॅलेचे पाय वरच्या खांद्यापासूनच मागे गेले होते. चाक वळवलं की बुटाचं टोक मडगार्डला लागायचं. दांडीब्रेकचे रबर रिमच्या आतल्या कडेला बरोबर न बसता तिरके घासत होते, कारण ज्या पट्ट्यांमधून तो ब्रेक वर सरकतो त्या चिमट्याच्या पायांनाच बांधलेल्या असतात.

खाली पुढे गेलेला तो छोटासा बाक शोभेचा नसतो. हँडलच्या नळीची तिरकी रेघ जमिनीपर्यंत नेली तर ती जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे चाक जमिनीला टेकतं. ट्रॉलीची छोटी चाकं जशी आपोआप मागे वळून सरळ होतात, तसंच काहीसं यामुळे सायकलच्या चाकाचं होतं. बाक जास्त असेल तर हे अंतर कमी होतं आणि हँडल चपळ होतं. बाक कमी झाला, किंवा आमच्यासारखा मागे ढकलला गेला, तर अंतर वाढतं आणि हँडल जड, मठ्ठ वाटायला लागतं. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली हेच तपासायला चालवता न येणारी सायकल बनवायचा चंग बांधला होता. एका सायकलचा चिमटा त्याने चक्क उलटा बसवला, बाक मागे. ती ढकलून सोडली की कुणी न बसताही बराच वेळ सरळ जात राहायची. मग त्याने चाकच पुढे सरकवून ते अंतर उलट्या बाजूला नेलं, तेव्हा कुठे सायकल खरोखर चालवायला अवघड झाली. त्याचा तो लेख ‘फिजिक्स टुडे’त आला. नंतर २०११ साली ‘सायन्स’ मासिकात काही संशोधकांनी दाखवलं, की या अंतराशिवाय आणि चाकाच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याशिवायही सायकल स्वतःला सावरू शकते. म्हणजे सायकल उभी कशी राहते याचं एका वाक्यातलं उत्तर आजही नाही. दोनशे वर्षं आपण तिच्यावर बसतो आहोत, ही त्यातली गंमत.

तर, चिमटा वाकला होता. प्रश्न पुढचा होता. सरळ करायचा की बदलायचा?

आमच्या पेठेत एक म्हातारे सायकलवाले आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी चाक काढलं, खांद्याजवळ अंगठा फिरवला आणि भाचीला म्हणाले, “ताई, हा सरळ होईल. पण मी करणार नाही.”

“का?”

“तू बसणार आहेस ना यावर?”

पूर्वी सगळे सरळच करायचे. खेड्यात चिमट्याचे पाय झाडाच्या बेचक्यात अडकवून सायकलच मागे ओढायचे. शहरात लोखंडी पाइप आत घालून तरफ मारायचे. साधं पोलाद हे सहन करतं, आणि पोलादी सायकलींवर लोकांचा जीव आहे तो त्यामुळेच. ॲल्युमिनियम असं वाकवून घेत नाही, कार्बन तर काहीच सांगत नाही आणि एक दिवस तुटतो. पण पोलादाच्या सहनशीलतेलाही हिशोब असतो. कागदांना लावायची टाचणी एकदा वाकवून सरळ करा, काही होत नाही. दहा वेळा करा. चिमट्यात हा हिशोब नेमका खांद्यापाशी मांडला जातो. तिथे उभी नळी आणि दोन पाय पितळ वितळवून जोडलेले असतात आणि रस्त्याचा सगळा ताण तिथेच एकवटतो. गरम करून वाकवावं तर तो पितळेचा जोडच धोक्यात. आणि हा चिमटा गेल्या साठ-सत्तर वर्षांत आधी किती वेळा सरळ केला गेला होता, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा असल्या गोष्टी घरी सांगायचे नाहीत.

*

अण्णांच्या दुकानातून घरी येताना माझ्या डोक्यात युजेन क्रिस्तोफ होता. चिमट्याच्या इतिहासात एकच माणूस अजरामर झालेला आहे, तो हा.

९ जुलै १९१३. तूर द फ्रान्स शर्यतीचा सहावा टप्पा, बायोन ते लुशाँ, ३२६ किलोमीटर, मध्ये पिरेनीज पर्वतातले एकामागून एक घाट. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तिथे असे घाट एका दिवसात अनेक होते, रस्ते खडी-मातीचे, आणि सायकलला गिअर जवळजवळ नाहीतच. सकाळी क्रिस्तोफ एकंदर क्रमवारीत दुसरा होता. पहिल्या क्रमांकावरच्या ओदिल दफ्रेने त्या दिवशी शर्यत सोडली, म्हणजे कागदावर क्रिस्तोफ पुढे आला. तो तूरमाले घाटाचा माथा ओलांडून उतरायला लागला आणि हँडल हातात सैल झालं. चिमटा तुटला होता.

आज अशा वेळी मागून गाडी येते, छपरावर दहा सायकली असतात, एक उतरवून देतात, विषय वीस सेकंदांत संपतो. १९१३ मध्ये नियम वेगळे होते. शर्यतीचा कर्ताधर्ता ऑन्री देग्रांज हा ‘लोतो’ या क्रीडादैनिकाचा संपादक होता आणि खेळाडूने शर्यत एकट्याने लढवावी यावर त्याची कडवी श्रद्धा होती. सायकल बिघडली तर ज्याची त्याने दुरुस्त करायची. कुणाचीही मदत घ्यायची नाही. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली आणि घाट पायी उतरायला सुरुवात केली. दहा किलोमीटरहून जास्त. एकेक करून सगळे त्याच्या पुढे निघून गेले.

घाटाच्या पायथ्याला सेंत-मारी-द-कांपाँ नावाचं गाव आहे. तिथे एक लोहार होता. त्याने मदत करायची तयारी दाखवली, पण शर्यतीचे अधिकारी मागोमाग येऊन उभे राहिले होते. लोहाराने फक्त तोंडाने सांगायचं, हात क्रिस्तोफचेच चालले पाहिजेत. त्याचं नशीब एवढंच की तरुणपणी तो कुलपं बनवायचं काम शिकला होता आणि भट्टी, हातोडा, कानस त्याला परकी नव्हती. त्याने पोलादाचा तुकडा घेतला, तापवला, ठोकला आणि चिमट्याची उभी नळी पुन्हा उभी केली. या कामात तीन तासांच्या आसपास गेले. एक अधिकारी भूक लागली म्हणून जेवायला जाऊ का विचारत होता, तेव्हा क्रिस्तोफने त्याला तिथलाच कोळसा खायला सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो-नसो, त्या दिवशी तसं कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

मग तो पुन्हा सायकलवर बसला, उरलेले घाट चढला आणि जवळजवळ चार तास गमावून लुशाँला पोहोचला. तिथे कळलं की दंड झालाय. एक हात चिमटा धरण्यात आणि दुसरा हातोड्यात गुंतलेला असताना गावातल्या एका पोराने भट्टीचा भाता हलवला होता. ती परकी मदत. दहा मिनिटं. पुढे ती कमी करून तीन केली, पण तोवर दहा काय आणि तीन काय! तूर जिंकली फिलिप तीसने. क्रिस्तोफ सातवा आला.

या गोष्टीवर मी पुष्कळांना डोळे पुसताना पाहिलं आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. क्रिस्तोफच्या जिद्दीबद्दल प्रश्नच नाही, पण मला त्यात देग्रांजच्या हट्टाचा खोटेपणा जास्त दिसतो. क्रिस्तोफ पेजो कंपनीच्या सायकलवर बसत होता. ती नळी कंपनीने बनवली, ते पितळ कंपनीने ओतलं आणि जबाबदारी मात्र घाटात उभ्या असलेल्या एका माणसाची. खेळाडूचं स्वावलंबन म्हणून जे पेपरात छापून येत होतं, त्यात कारखान्याचा दोष झाकला जात होता.

आणि हे एकदाच झालं नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली तूर पुन्हा सुरू झाली. शर्यतीत पुढे असलेल्याला ओळखता यावं म्हणून त्याच वर्षी पिवळा सदरा आला, आणि तो पहिल्यांदा अंगात घातला क्रिस्तोफने. शेवटून दुसरा टप्पा मेत्स ते डंकर्क, ४६८ किलोमीटर. त्याच्याकडे जवळजवळ अर्ध्या तासाची आघाडी होती. व्हालंसिएनला पोहोचता पोहोचता चिमटा तुटला. पुन्हा स्वतः दुरुस्ती, पुन्हा तासांचं नुकसान, सदरा फिरमँ लांबोच्या अंगावर. लोकांना याचं इतकं वाईट वाटलं की ‘लोतो’च्या वाचकांनी वर्गणी काढली आणि क्रिस्तोफला तेरा हजारांहून जास्त फ्रँक जमले. १९२२ साली गालिबिए घाटाच्या उतारावर तिसऱ्यांदा चिमटा तुटला. तूर त्याने कधीच जिंकली नाही. सेंत-मारी-द-कांपाँत त्याच्या त्या तीन तासांची आठवण म्हणून फलक लावलेला आहे. जिंकणाऱ्या तीसच्या नावाने तिथे काही नाही.

*

अण्णा म्हणाले, नवीन चिमटा आणा, बसवून देतो. काळ्या दांडीब्रेकच्या सायकलचा चिमटा आजही मिळतो. मी दुकानातून आणला, उंची मापून, मडगार्डची जागा बघून. अण्णांनी जुन्या सायकलचं हँडल काढलं. वरचा लांब बोल्ट थोडा सैल करायचा, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारायची की आतली पाचर सुटते. मग चेकनट, मग दिव्याचा क्लँप, मग वरचा कोन. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, कारण चिमटा खाली सरकला की छर्रे पावसासारखे गळतात. नवीन चिमटा वर सरकवला आणि जुनाच कोन फिरवला. दीड फेरा गेला. पुढे हलेना.

“जोर लावू नका,” अण्णा म्हणाले. “आटेच वेगळे आहेत.”

त्यांनी आटे मोजायची दात्यांची पट्टी काढली. नवीन चिमट्यावर एका इंचात २४ आटे. जुन्यावर २६.

आता फरक बघा. २४ आटे म्हणजे दोन आट्यांमध्ये १.०५८ मिलिमीटर. २६ म्हणजे ०.९७७. एका फेऱ्याला फरक आहे ०.०८ मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढा. नळीची जाडी तीच, एक इंच. डोळ्याला दोन्ही चिमटे सारखे. पण दहा फेऱ्यांत तो केस जवळजवळ एका आख्ख्या आट्याएवढा होतो. जोर लावला असता तर कोनाने नवीन चिमट्याचे दात खाल्ले असते, आणि मग त्याच दातांवर भाचीचा जीव टांगला असता.

हे दोन जास्तीचे आटे आले कुठून? या प्रश्नाने मला महिनाभर खाल्लं.

यंत्रांच्या आट्यांना शिस्त लावली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने, १८४१ साली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा स्क्रू त्या कारखान्यातच बसायचा. व्हिटवर्थने आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला आणि कोणत्या जाडीला किती आटे याचं कोष्टक दिलं. सायकल आली तेव्हा हे आटे तिच्या पातळ नळ्यांना फार खोल पडायला लागले. म्हणून सायकलवाल्यांनी आपले बारीक आटे काढले, ६० अंशांचे. त्या ब्रिटिश सायकल-प्रमाणात चिमट्याच्या एक इंची नळीला २४ आटे ठरले आणि जगात बहुतेकांनी ते मानले. फ्रेंचांनी अर्थातच मानले नाहीत. त्यांची नळी २५ मिलिमीटरची आणि दर मिलिमीटरला एक आटा. इटालियन लोकांनी २४ हा आकडा घेतला पण कोन व्हिटवर्थचा ५५ अंशच ठेवला, त्यामुळे त्यांचा चेकनट ब्रिटिश चिमट्यावर बसतो, पण कुरकुरत.

आणि रॅले? रॅले कुणाचं ऐकायच्या भानगडीतच पडली नाही. नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरच्या एका छोट्या कारखान्यातून १८८०च्या दशकात सुरू झालेली ही कंपनी फ्रँक बाउडन या श्रीमंत गिऱ्हाइकाने विकत घेतली आणि बघता बघता जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल कंपन्यांमध्ये नेऊन बसवली. सायकलचा जवळजवळ प्रत्येक भाग ते स्वतः बनवायचे. मागच्या चाकातले तीन गिअर त्यांच्याच स्टर्मी-आर्चरचे. बाहेरून काही घ्यायचं नसेल तर बाहेरच्याशी आटे जुळवायची गरज काय? रॅलेने चिमट्यालाही २६ ठेवले आणि पायडलच्या नळीलाही २६. दशकांमागून दशकं गेली तरी बदलले नाहीत. रॅलेची सायकल मोडली की भाग रॅलेचाच. हा डाव होता की निव्वळ सवय, यावर वाद घालता येईल. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखंच महागात पडलं. आज चार्जरच्या पिना जुळत नाहीत म्हणून आपण चिडतो, तो राग काही नवीन नाही. आपल्या पणजोबांनी तो चेकनटवर काढलेला आहे.

या आट्यांचं शहाणपण जगाला वाटणारा माणूस होता शेल्डन ब्राउन, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला एक सायकल मिस्त्री. २००८ साली तो वारला, पण त्याने लिहून ठेवलेली रॅलेच्या २६ आट्यांची माहिती इंटरनेटवर अजून जशीच्या तशी आहे आणि जगभरचे लोक ती उघडून बसतात. मीही फोनवर तीच वाचत होतो. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “एवढं लिहायला लागतं का? पट्टी लावायची.”

*

आमची रॅले परदेशी. पण तिचा चिमटा बदलायला निघालो की वाट भारतातून जातेच.

इंग्रजांच्या काळात आपल्याकडे सायकली येत त्या मुख्यतः इंग्लंडहून, पेट्यांमध्ये भागा-भागांनी, आणि इथे जोडल्या जात. दुसऱ्या महायुद्धाने ती आवक आटली. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण असं, की इथे विकायचं तर इथे बनवा. मग कलकत्त्याला आयातीचा धंदा करणाऱ्या सुधीरकुमार सेन यांनी रॅलेशी भागी करून आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना काढला. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा घराण्याने ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स काढली, तिथून हर्क्युलीस, फिलिप्स, बीएसए येऊ लागल्या. सोनीपतला ॲटलास. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होतीच. आज वरळीत काचेचे मनोरे बघत जाताना इथे कधीकाळी चिमटे रंगवून सुकायला टांगलेले असतील, हे कुणाच्या मनातही येत नाही.

यातल्या दोघांचा शेवट एकाच कायद्यात आहे. संसदेने १९८० साली ‘हिंद सायकल्स लिमिटेड आणि सेन-रॅले लिमिटेड (राष्ट्रीयीकरण)’ असा कायदा केला. आजारी कारखाने सरकारने ताब्यात घेतले. वरळीची कंपनी नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन झाली, आसनसोलची सायकल कॉर्पोरेशन. पुढे दोन्ही बंद पडल्या. नॉटिंगहॅमही वाचलं नाही. तिथल्या रॅलेच्या जुन्या जागेवर आता विद्यापीठाचा जुबिली कॅम्पस आहे, मुलं तिथे लॅपटॉप उघडून बसतात.

वाचलं ते लुधियाना. आणि तिथली सुरुवात चिमट्यापासून आहे, हे मला हा सगळा उद्योग करेपर्यंत ठाऊक नव्हतं. मुंजाल बंधू मूळचे आता पाकिस्तानात असलेल्या कमालियाचे. आधी अमृतसरला आणि मग लुधियानात त्यांनी सायकलच्या सुट्या भागांचा व्यापार केला. आधी दुसऱ्यांचा माल विकायचा, मग १९५४च्या सुमारास स्वतः बनवायला लागले. त्यांच्या पहिल्या उत्पादनांत होते चिमटे आणि हँडल. १९५६ साली पंजाब सरकारने सायकलनिर्मितीचे परवाने दिले तेव्हा त्यांनी आख्खी सायकल करायला घेतली, नाव ठेवलं हीरो. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, गिनीज बुकात जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून तिचं नाव लागलं. मला यात महत्त्वाची वाटते ती सुरुवातीची शिडी. घंटी, सीट, कॅरिअर यांत थोडं उन्नीस-बीस चालतं. चिमट्यात चालत नाही. जो चिमटा बनवून लोकांच्या हाती देतो, आणि लोक त्याच्यावर बायको-पोरांना डबलसीट बसवून शिव्या न देता घरी पोहोचतात, त्याच्यावर पुढे सायकलचा भरवसा टाकायला हरकत नसते.

लुधियानाचं खरं बळ मात्र एका कंपनीत नव्हतं. एक गल्ली नळ्या कापते, दुसरी आटे पाडते, तिसरी रंग देते. लोहारकाम-सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या रामगढिया कारागिरांची तिथे मोठी वस्ती. रॅलेने सगळं एका छपराखाली आणून आटे स्वतःचे ठेवले. लुधियानाने काम शंभर छपरांखाली वाटलं, म्हणून तिथे याचा नट त्याच्या चिमट्यावर बसणं ही पोटापाण्याची गरज होती. नॉटिंगहॅमच्या मालकांना हे कुणी सांगायला हवं होतं असं मला वाटायचं. पण ज्या काळात ते जगाला सायकली विकत होते त्या काळात त्यांनी ते ऐकलं नसतं.

*

चिमटा शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिले दोन रविवार फुकट गेले. तिसऱ्या खेपेला, मिक्सरच्या भांड्यांच्या आणि तुटक्या नळांच्या ढिगाखाली, गंजलेल्या पाच-सहा चिमट्यांची एक मोळी होती. अण्णांची दात्यांची पट्टी खिशात होतीच. चार निघाले २४चे. पाचव्यावर पट्टी घट्ट बसली. उजेड अजिबात दिसेना. २६. विकणाऱ्याने माझा चेहरा बघितला आणि भाव तिथल्या तिथे दीडशेने वाढवला.

अण्णांनी तो आधी जमिनीवरच्या फरशीला लावून पाहिला, दोन्ही पाय समान टेकतात का. मग उभ्या नळीला दोरा बांधून खाली दोन्ही टोकांच्या मधोमध येतो का ते पाहिलं. खांद्यापाशी रंग खरवडला. आणि मग जे केलं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. फडक्याने तिथे डिझेल चोपडलं. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता मिळत नाही. पाचेक मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. बारीक तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. आम्ही तिघं दहा मिनिटं त्या पांढऱ्या खांद्याकडे बघत बसलो. काही उमटलं नाही.

“आता जुना आण,” अण्णा भाचीला म्हणाले.

जुन्यावर तेच केलं. तेल, फडकं, खडू. डाव्या पायाच्या मुळाशी, पितळेच्या जोडाच्या जेमतेम दोन सूत खाली, एक काळसर रेघ आली. आधी ठिपक्यांची, मग सलग. नखाएवढी. भाचीने फोटो काढला, त्यात ती नीट दिसत नाही.

मग अण्णांनी नव्या-जुन्या चिमट्याचा खालचा कोन ठोकून बसवला, वाटीत ग्रीस भरून एकेक छर्रा चिकटवला, आणि जुनाच वरचा कोन फिरवला. तो एका बोटाने खालपर्यंत गेला. चेकनट आवळून त्यांनी हँडल उचललं, पुढचं चाक हवेत सोडलं आणि थोडं तिरकं केलं. चाक स्वतःहून बाजूला वळलं. कुठे अडकत नाही, कुठे हलत नाही. मजुरी त्यांनी तीनशे सांगितली. मी पाचशे दिले तर दोनशे परत केले, आणि म्हणाले, रिमचा आरा एक सैल आहे, आठवड्याने घेऊन या.